उलरिख, फ्रांक

(२४ जानेवारी १९५८ – ). बायॅथ्लॉन या हिवाळी क्रीडाप्रकारातील ख्यातनाम जर्मन खेळाडू व प्रशिक्षक. जन्म तत्कालीन पूर्व जर्मनीत, थुरिंजिया प्रदेशातील ट्रूझेताल या गावी. लेक प्लॅसिड येथील १९८० च्या ऑलिंपिक सामन्यांतील सुवर्णपदक, जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतील नऊ सुवर्णपदके आणि जागतिक चषकाचे चार वेळा मिळविलेले एकंदर विजेतेपद ही त्याची खेळाडू म्हणून मुख्य कामगिरी होय. पुढे एकीकृत जर्मनीच्या पुरुष संघाचा तो प्रदीर्घ काळ प्रमुख प्रशिक्षक होता. ज्या राज्याने त्याला घडविले ते राज्य १९९० मध्ये नाहीसे झाले. परंतु त्या राज्याच्या क्रीडाव्यवस्थेतील विद्या आणि तिच्यातील दोष या दोहोंचा वारसा उलरिखच्या उत्तरायुष्यातही त्याच्या मागे राहिला.

बायॅथ्लॉनमध्ये स्कीच्या साहाय्याने बर्फावरून दूर अंतर धावणे व रायफलने नेम मारणे ही दोन परस्परविरोधी कौशल्ये एकत्र येतात. खेळाडू पाठीवर रायफल घेऊन धावतो, ठराविक अंतरानंतर थांबतो आणि पालथे पडून किंवा उभ्याने पाच लक्ष्यांवर गोळ्या झाडतो. धावताना हृदयाचे ठोके वाढलेले असतात आणि नेमासाठी तर हात स्थिर हवा असतो. या खेळाची सारी कठिणता ह्या एका विरोधात आहे. वीस किमी.च्या वैयक्तिक शर्यतीत प्रत्येक हुकलेल्या गोळीबद्दल एक मिनिट दंड म्हणून वेळेत मिळविले जाते, दहा किमी.च्या शर्यतीत व रिले शर्यतीत मात्र खेळाडूस १५० मी. चा जादा फेरा प्रत्यक्ष धावावा लागतो. १९७८ पर्यंत मोठ्या व्यासाच्या रायफली वापरीत. त्या वर्षापासून ५·६ मिमी. व्यासाची रायफल आली व लक्ष्याचे अंतर १५० मी. वरून ५० मी. वर आले. गोळीबाराचे मैदान लहान झाल्याने ते प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात आले आणि खेळाची लोकप्रियता वाढण्यास हा बदल पुष्कळच कारणीभूत झाला. उलरिखच्या उत्कर्षाचा काळ नेमका या बदलाच्या वेळचा आहे.

थुरिंजियाच्या अरण्यमय डोंगराळ भागातील ओबरहोफ हे पूर्व जर्मनीच्या हिवाळी खेळांचे एक प्रमुख केंद्र होते. तेथील राष्ट्रीय लोकसेनेच्या ‘फोरव्हेर्ट्‌स’ या क्रीडामंडळात उलरिख तयार झाला. पूर्व जर्मनीत गुणी मुले लहान वयातच हेरली जात, त्यांना विशेष शाळांत दाखल केले जाई व पुढे सेना किंवा पोलीस दलाची मंडळे त्यांचा भार उचलीत. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत कांस्यपदक मिळविणाऱ्या पूर्व जर्मन संघात उलरिखचा समावेश होता. त्या वेळी त्याला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. १९७८ मध्ये हॉखफिल्त्सेन (ऑस्ट्रिया) येथे तो दहा किमी. व रिले या दोन्ही शर्यतींत जगज्जेता ठरला. पुढच्या वर्षी रूपोल्डिंग येथे, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या भूमीवर, त्याने हाच दुहेरी विजय पुन्हा मिळविला. दोन्ही जर्मन राज्यांतील तत्कालीन स्पर्धा लक्षात घेता या विजयाचे मोल केवळ क्रीडेपुरते नव्हते.

लेक प्लॅसिड (अमेरिका) येथील १९८० चे ऑलिंपिक सामने हा त्याच्या कारकीर्दीचा कळस. दहा किमी.ची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेतली गेली. तीत सोव्हिएट संघाच्या व्ह्लादिमिर अलिकिनची एकही गोळी हुकली नाही. उलरिखच्या दोन हुकल्या. दंडाचे दोन फेरे धावूनही तो अलिकिनच्या आधी सु. ४२ सेकंदांनी पोहोचला व या शर्यतीचा पहिला ऑलिंपिक विजेता ठरला. वीस किमी.च्या शर्यतीत मात्र हिशेब उलटा झाला होता. सोव्हिएट संघाच्या आनातोली अल्याब्येवने वीसही गोळ्या अचूक मारल्या. उलरिखच्या तीन हुकल्या आणि तीन मिनिटांचा दंड त्याच्या वेळेत मिळविला गेला. अंतिम फरक अवघा साडेअकरा सेकंदांचा होता. प्रत्यक्ष धावण्यात उलरिख पावणेतीन मिनिटांहूनही अधिक आघाडीवर होता. आणखी एक गोळी लागली असती, तर सुवर्णपदक त्याचेच होते. त्याच्या खेळाचे बळ व उणीव या एका निकालात जितकी स्पष्ट दिसते तितकी त्याच्या कोणत्याही विजयात दिसत नाही. रिले शर्यतीत माटिआस युंग, क्लाउस झीबर्ट, उलरिख व एबरहार्ट र्‍योश यांच्या संघाला सोव्हिएट संघामागे दुसरे स्थान मिळाले. अलेक्सांदर तिखोनोव या विख्यात सोव्हिएट खेळाडूचे ते रिलेतील सलग चौथे ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

लाहटी (१९८१) येथे दहा किमी. व रिले, मिन्स्क (१९८२) येथे वीस किमी. व रिले आणि आंथोल्त्स (१९८३) येथे वीस किमी. असे त्याचे पुढील जागतिक विजय. ज्या लांब शर्यतीत लेक प्लॅसिडला नेमबाजीने त्याला दगा दिला, तीच त्याने लागोपाठ दोन वर्षे जिंकली, हे विशेष. जागतिक चषक स्पर्धा १९७७-७८ च्या मोसमात सुरू झाली. तिचा पहिला विजेता उलरिखच होता. १९७९-८० ते १९८१-८२ हे तीन मोसमही त्याचेच. मधल्या एका मोसमाचा मानकरी त्याचा संघसहकारी झीबर्ट हा होता. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये उलरिखला पदक मिळाले नाही व त्याच वर्षी त्याने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती पत्करली. त्यानंतर लवकरच बायॅथ्लॉनमध्ये स्की समांतर रेषांत न सरकविता बाजूला रेटीत धावण्याची, अधिक वेगाची पद्धत रूढ झाली. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या अखेरच्या श्रेष्ठ धावपटूंत उलरिखची गणना करावी लागते.

निवृत्तीनंतर तो पूर्व जर्मनीतच प्रशिक्षणाच्या कामात शिरला. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडील अनेक प्रशिक्षकांना काम उरले नाही. काही परदेशी गेले. झीबर्टने चीनमध्ये व नंतर बेलारूसमध्ये काम केले. उलरिख मायदेशीच राहिला आणि १९९८ पासून २०१० पर्यंत जर्मन पुरुष संघाचा प्रमुख प्रशिक्षक होता. पश्चिम जर्मनीचा माजी खेळाडू, १९९२ च्या ऑलिंपिक रिलेविजेत्या संघातील फ्रिट्स फिशर हा त्याचा या कामातील सहकारी. ओबरहोफ आणि रूपोल्डिंग या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी केंद्रांतील परंपरा अशा रीतीने एकाच संघात मिसळल्या. २००३ व २००४ मध्ये जर्मन पुरुषांनी रिलेचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी दुसरी स्पर्धा ओबरहोफलाच झाली.

२००६ च्या तूरिन ऑलिंपिकमध्ये या कामाला सर्वांत मोठे फळ आले. पुरुषांच्या पाच शर्यतींपैकी चार जर्मनीने जिंकल्या. मिखाएल ग्राइसने वीस किमी., सामूहिक प्रारंभाची शर्यत व रिले अशी तीन सुवर्णपदके मिळविली. उलरिखने स्वतः १९८० मध्ये जिंकलेली दहा किमी.ची शर्यत स्वेन फिशरने जिंकली. रिले संघात रिको ग्रोस, फिशर व ग्राइस यांच्यासह मिखाएल र्‍योश हा तरुण खेळाडू होता. लेक प्लॅसिडच्या रौप्यपदक विजेत्या संघातील एबरहार्ट र्‍योशचा तो मुलगा. वडिलांच्या संघाला जे साधले नव्हते, ते मुलाच्या संघाने वडिलांच्याच सहकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली साधले.

पूर्व जर्मनीत १९७४ पासून खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये देण्याची योजना शासकीय पातळीवर व गुप्तपणे राबविली जात होती. एकीकरणानंतर उघड झालेल्या कागदपत्रांनी हे निर्विवादपणे सिद्ध केले आहे. कित्येक खेळाडू अल्पवयीन होते व आपणास काय दिले जात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. अनेकांना त्याचे शारीरिक परिणाम आयुष्यभर भोगावे लागले. २००९ मध्ये उलरिखच्या १९८० नंतरच्या दशकातील प्रशिक्षणकार्यासंबंधी एका माजी खेळाडूने याच संदर्भात जाहीर आरोप केले. उलरिखने ते नाकारले. जर्मन स्की महासंघाने आयोग नेमून चौकशी केली व त्याला पदावर कायम ठेवले. ज्या पिढीचे यश आणि अपराध एकाच व्यवस्थेत गुंतलेले होते, तिच्या बाबतीत व्यक्तीचा वाटा वेगळा काढणे किती अवघड आहे, याचे हे प्रकरण उदाहरण म्हणून सांगता येईल.

व्हँकूव्हर येथील २०१० च्या ऑलिंपिकमध्ये जर्मन पुरुषांना बायॅथ्लॉनमध्ये एकही पदक मिळाले नाही आणि त्या वर्षी उलरिखने हे पद सोडले. २०१२ पासून काही वर्षे जर्मनीच्या दूर अंतराच्या स्कीइंग संघाची जबाबदारी त्याच्याकडे होती. याच काळात, २०१४ मध्ये, सोची येथे जर्मन महिलांना रिलेचे कांस्यपदक मिळाले. २०२१ च्या संसदीय निवडणुकीत सामाजिक लोकशाही पक्षातर्फे दक्षिण थुरिंजियातील मतदारसंघातून त्याने गुप्तवार्ता खात्याचे माजी प्रमुख हान्स-गेओर्ग मासेन यांचा पराभव केला. त्या संसदेच्या कारकीर्दीत, २०२५ पर्यंत, तो जर्मन संसदेच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष होता.