प्यायला का गाडीला?

अहमदपूर मागं पडलं आणि काटा लाल पट्टीत गेला. मे २०१६, दुपारचे दोन. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालो होतो. गाडी वडिलांची, वयानं माझ्याहून थोडीच लहान. बॉनेटमधून वाफ यायला लागली तशी बाजूला घेतली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढं मला माहीत होतं. पाऊण तास बाभळीखाली बसलो. उघडलं तर आत खडखडाट.

रस्त्याकडेच्या एका घरी गेलो. ते वर्ष आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आलेली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानात, कोट्याला, वाफेनं धुऊन घ्याव्या लागल्या होत्या. अशा उन्हाळ्यात मी अनोळखी दारात उभा राहून पाणी मागत होतो.

मावशींनी विचारलं, "प्यायला का गाडीला?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. त्या आत गेल्या आणि घागर घेऊन आल्या. "टँकरचं हाय. सांडू नका," एवढंच म्हणाल्या.

पुढं काही दिवस ती घागर डोक्यातून जाईना, म्हणून मी गाडी आणि पाणी यांचा इतिहास शोधत बसलो. तिथं भेटली बर्था बेन्झ. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, तिनं नवऱ्यानंच बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला नेली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्या इंजिनाला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी इंजिनाभोवती उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळं वाटेत जिथं मिळेल तिथं ते भरत जावं लागलं. म्हणजे पहिल्या मोटारवालीनंही गावोगाव पाणीच मागितलं.

तेच ते पाणी फिरवून थंड करायचं गणित चांगलं जमलं १९००च्या सुमाराला. विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला: ८,०७० बारीक चौकोनी नळ्या, मधून वारा, भोवती पाणी. पुढं झाकणाला स्प्रिंग आली. तिच्यामुळं आत दाब धरला जातो आणि शंभर अंशाला उकळणारं पाणी ११५-१२० अंशांपर्यंत दम काढतं. गळतीची खोड इथंच आहे. थंड गाडीत थेंब दिसत नाही; रस्त्यावर दाब चढला की बारीक भेगेतूनही पाणी जातं.

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी. थंड देशात ते गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, असं म्हणून कित्येकांनी ते कधी घातलंच नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या फियाट असोत की मराठवाड्यातल्या काळ्यापिवळ्या जीपा, आमच्याकडं विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायचं आणि निघायचं. पण काळ्या दगडातलं हे पाणी जड. हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. वाट अरुंद होते, इंजिन तापतं, शेवटी हेड गॅस्केट जातं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं उन्हाच्या प्रदेशातही लागतात, हे उमगेपर्यंत पुष्कळ इंजिनं खोलून झाली.

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यांना डाग देऊन गळती बुजवता यायची. गडबडीत असलेले ड्रायव्हर आत हळद टाकायचे. ती आमच्याच भागातलं पीक, हाताशी असायची. भेगेत जाऊन फुगायची आणि गावापर्यंत पोचवायची. नंतर तीच बारीक नळ्यांत अडकायची, ही गोष्ट वेगळी. आताच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, तिथं डाग देणारा हतबल होतो.

लातूरच्या मेकॅनिकनं आधी कुठलाच पाना उचलला नाही. टॉर्च घेऊन बघत राहिला. होजच्या टोकांना, क्लिपांपाशी बोट फिरवलं. ऑइलची काडी काढून बघितली: ऑइल दुधाळ चहासारखं झालं असतं तर पाणी इंजिनाच्या आत जातंय असा अर्थ. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पायाखालची मॅट कोरडी. मग त्यानं झाकणाच्या जागी हातपंप बसवला आणि दाब दिला. काटा हळूहळू खाली आला. गळती होतीच. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर पडतं. त्या भोकाखाली पांढरी रेघ वाळलेली होती. बोअरच्या क्षारानंच चोर दाखवला.

नवा पंप, नवा होज, आतून दोनदा धुणं. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. धुतलेलं हिरवट पाणी त्यानं गटारात सोडलं नाही, डब्यात धरलं. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी; कुत्री चाटतात आणि मरतात. हे त्यानंच सांगितलं.

परतीच्या वाटेवर वीस लिटरचा जार घेऊन त्या घरी थांबलो. मावशींनी जार उचलू दिला नाही, स्वतःच रांजणात ओतला, फडकं लावून, थेंब न सांडता. मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "गाडी काय म्हणती आता?"