सही कुणाची? गर्भपाताच्या कायद्याची गोष्ट

रोवणीच्या दिवसांत गटाची बैठक रात्रीच भरते. हप्त्यांचा हिशोब आटोपला की दिवसा न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी निघतात. आमगाव तालुक्यातल्या आमच्या गटांत एक प्रश्न हमखास येतो : दिवस गेले, मूल नको आहे, तर नवऱ्याच्या सहीशिवाय दवाखान्यात पिशवी साफ करून देतात का? उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

इंग्रजांनी 1860 मध्ये दंड संहिता केली. बाईचा जीव वाचवण्यासाठी नसेल तर गर्भपात हा गुन्हा ठरला आणि शिक्षा त्या बाईलाही लागू झाली. म्हणून गर्भपात थांबले नाहीत, ते चोरून होऊ लागले. काड्या, जडीबुटी, अर्धवट शिकलेला माणूस, आणि मग रक्तस्राव. दवाखान्यात बाई पोचायची ती मरणाच्या दारात.

1964 मध्ये केंद्र सरकारने यावर समिती नेमली. अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. 1966 अखेर अहवाल आला आणि 1971 मध्ये संसदेने कायदा केला. तो 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. असे जीव धोक्यात घालणाऱ्या बहुतेक बाया लग्न झालेल्याच आहेत, हे सरकारने विधेयक मांडताना मान्य केलं होतं. कारणं मात्र तीनच सांगितली : आईचा जीव आणि आरोग्य, बलात्कारासारखी माणुसकीची कारणं, आणि बाळात गंभीर व्यंग असण्याचा धोका. बाईची स्वतःची इच्छा हे कारण त्यात नव्हतं. निर्णय डॉक्टरच्या मतावर ठेवला गेला.

पण याच कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने मागितलेली नाही. अठराच्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते.

मग घोळ कुठे होतो? 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. तो मुली वाचवण्यासाठी होता आणि हवाच होता. पण लोकांच्या मनात दोन कायदे एक झाले. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही.

2021 च्या दुरुस्तीने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं झालं. बलात्कार झालेली, अल्पवयीन, दिवस गेल्यावर विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अशा बायांना दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली. नाव गुप्त ठेवणंही बंधनकारक आहे. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क दिला आणि घरच्यांची संमती मागणं कायद्यात नाही, हे स्पष्ट सांगितलं.

तरी कागदावरचा हक्क पुरत नाही. अमेरिकेत 1973 ला न्यायालयाने हक्क दिला, पण 1976 मध्ये तिथल्या संसदेने गरीब बायांच्या गर्भपातासाठी केंद्राचा पैसा जवळजवळ बंद केला. पैसेवालीचा हक्क राहिला, गरिबीची वाट अडली. आपल्याकडे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. गोंदियाला जायचं तर मजुरी बुडते, सोबत कुणी लागतं, घरी काय सांगायचं हा प्रश्न असतो. त्यात आठवडे निघून जातात, आणि कायदा आठवडेच मोजतो.

म्हणून तायांनो, पाळी चुकली की लवकर तपासा. मेडिकलमधून गोळी आणून मनाने घेऊ नका. आशाताईला विचारा, सरकारी दवाखान्यात जा. गटाच्या अंतर्गत कर्जात आजारपणाला जागा असते, यालाही असावी. खासगी दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या जिल्हा समितीत नियमाप्रमाणे एक तरी बाई असते. ती कोण आहे, हे ग्रामसंघाने विचारून घ्यावं. आणि कुणी नवऱ्याची सही मागितली, तर शांतपणे म्हणा : कायद्यात कुठे लिहिलं आहे, ते दाखवा.