घाव कोण मोजतो?

पिंपळगाव रेणुकाईच्या रानात मिरचीची खुरपणी करणारी सराईत बाई खुरप्याकडे पाहत नाही. तिची नजर तणाच्या बुडाशी असते. नवशिका स्वतःच्या हाताकडे पाहत राहतो आणि तणाबरोबर रोपही जाते. हा फरक हाताचा की मेंदूचा?

या तालुक्याच्या गावी, म्हणजे भोकरदनला (प्राचीन भोगवर्धन), १९७३ मध्ये उत्खनन झाले. सातवाहनकालीन मणी मिळाले, खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली. इटलीतील पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले. वस्तू अशा मातीत टिकतात. त्या घडवणाऱ्या हातांचे कसब टिकत नाही. त्यासाठी काम करणारा जिवंत कारागीरच पाहावा लागतो.

तसा तो पाहिला गेला मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत, १९२० नंतरच्या दशकात. छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर आणि हातोड्यावर छोटे दिवे बांधून निकोलाय बर्नस्टाइन यांनी त्यांच्या हालचाली टिपल्या. संस्थेला हवी होती एकच आदर्श पद्धत, सर्वांकडून घोटून घेता येईल अशी. निघाले भलतेच! खांदा, कोपर, मनगट यांच्या हालचाली दर घावाला बदलत; हातोड्याचे टोक मात्र बरेचसे ठरल्या वाटेनेच जाई. खांद्याने केलेली कमीजास्त कोपर सावरून घेई. मेंदू स्नायूंना पाठ केलेले हुकूम सोडत नाही, तो परिणामावर लक्ष ठेवून हालचाल दुरुस्त करतो, असा याचा अर्थ. कार्यानुभवाच्या तासाला सर्वांचे कोपर एकाच कोनात हवेत, असा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. पुढे १९५० च्या सुमारास पाव्हलॉव्हच्या नावाने चाललेल्या मोहिमेत बर्नस्टाइन यांचे प्रयोगशाळेतील काम बंद पडले.

गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी आजही हातांनी घडतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर खडा टेकवून त्यावर शिंगाच्या हातोडीने टोला मारतात. १९९० च्या दशकात व्हॅलेंटाइन रू व ब्लांडिन ब्रिल या फ्रेंच संशोधकांनी हातोडीला त्वरणमापक लावून हे काम अभ्यासले; खड्याऐवजी काचही देऊन पाहिली.

मेंदूत काय घडते याचा एक धागा १९९६ मध्ये जपानात मिळाला. अत्सुशी इरिकी यांनी माकडांना दंताळ्याने खाऊ ओढायला शिकवले. हाताजवळच्या वस्तूंना प्रतिसाद देणाऱ्या काही चेतापेशी मग दंताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूंनाही प्रतिसाद देऊ लागल्या. दंताळे नुसते हातात धरले असता मात्र असे घडत नव्हते.