फोनिक्स

फोनिक्स : अक्षर व ध्वनी यांचा संबंध शिकवून लहान मुलांना शब्द वाचण्यास व लिहिण्यास समर्थ करणारी अध्यापनपद्धती (पहा : वाचनशिक्षण). इंग्रजीत २६ अक्षरे सुमारे ४४ ध्वनी दर्शवितात. अक्षराच्या नावावरून त्याचा उच्चार कळत नाही, यातून या पद्धतीची गरज निर्माण झाली. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने तिच्या संश्लेषक प्रकाराची शिफारस केली. त्यात सुटे ध्वनी जोडून शब्द वाचतात आणि शब्दातील ध्वनी सुटे करून तो लिहितात. ‘जॉली फोनिक्स’ या ४२ ध्वनींच्या अभ्यासक्रमात एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरे आरंभी येतात. एवढ्यांतूनच ‘सॅट’, ‘टॅप’, ‘पिन’ असे शब्द जुळतात. प्रत्येक ध्वनीला ठरावीक हावभाव असतो. ‘स्स्’ म्हणताना मुले हाताने सापाची वळणे काढतात. पिशवीतील वस्तूचा आद्यध्वनी ओळखणे, अक्षरपत्त्यांनी शब्द जुळविणे, वाळूत अक्षर गिरविणे हे वर्गातील इतर प्रचलित उपक्रम होत. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची ४० शब्दांची वाचनचाचणी घेतली जाते. त्यांतील निम्मे शब्द निरर्थक असतात, त्यामुळे केवळ पाठांतर पुरत नाही. इंग्रजीच्या उलट देवनागरीत अक्षराचे नाव हाच बहुतांशी त्याचा उच्चार असतो (च, ज, झ यांचे मराठीत मात्र दोन उच्चार होतात, पहा : देवनागरी लिपी, बाराखडी).