कपाळावरचा व्रण, टाळूवरची जखम

हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की अमरावती-अकोल्याच्या दंतचिकित्सकाकडे आज एक उपाय असतो. रुग्णाच्याच टाळूतून एक-दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढायचा आणि तो हिरडीवर शिवायचा. आठवड्याने रुग्ण परत येतो तेव्हा मात्र त्याची तक्रार बहुधा हिरडीची नसते. दुखत असते ती टाळू.

प्रत्येक कलमात दोन जखमा असतात. एक आधीपासूनची, दुसरी तिला भरण्यासाठी मुद्दाम केलेली. इतिहासाने पहिलीचे कौतुक केले आणि दुसरीकडे फारसे पाहिले नाही. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा महाराष्ट्रातलाच आहे.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबईचे क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज वैद्य ही शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. त्या दोघांची नावे उरली. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याचे नाव पत्रात नाही.

कृती मात्र बारकाईने दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवून कपाळावर पसरायचा, त्याभोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधली एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवायची. रक्तपुरवठा त्या पट्टीतून होत राहतो. कडा चिकटवायला पाण्यात मऊ केलेला कात. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. आणि कपाळ? त्यावरचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, एवढेच पत्र सांगते. सुश्रुतसंहितेतही गालाची त्वचा घेऊन नाक सांधण्याचा विधी आहे. तेथेही सारी चिंता नाकाची आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच रीत अवलंबिली आणि युरोपात ‘भारतीय पद्धत’ रूढ झाली.

तोंडाच्या आत कलम करण्याची कल्पना बरीच उशिरा आली. स्वीडनच्या ब्योर्न यांनी १९६३ मध्ये हिरडीचे मुक्त कलम मांडले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी त्याची तत्त्वे बांधली. ‘मुक्त’ म्हणजे कावसजीच्या कपाळासारखी पट्टी नाही. तुकडा पूर्ण सुटतो आणि आरंभीचे काही दिवस खालच्या थरातून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. टाळूची निवड विचारपूर्वक झाली होती. घास चावताना होणारे घर्षण सोसणारी तिची त्वचा जाड व टणक असते, आणि नव्या जागीही ती आपला स्वभाव सोडत नाही. म्हणून टाळूच्या पुढच्या भागातील वळ्या टाळतात. त्या घेतल्या, तर पुढे हिरडीवरही वळ्याच दिसत राहतात!

मागे उघडी राहिलेली जागा टाक्यांनी बंद करता येत नाही. ती कडांकडून भरत येते. प्रथम रक्ताची गाठ, मग पिवळट-पांढरा थर, ज्याला रुग्ण पू समजून घाबरतो. लाळेमुळे खपली धरत नाही. त्याखाली नवे मांस येते, कडांवरच्या पेशी सरकत सरकत मध्यावर भेटतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत पृष्ठभाग मिटतो. खोली भरायला त्याहून अधिक वेळ लागतो. अंगावरच्या कातडीपेक्षा तोंडात व्रण फार कमी उरतो. पण टाळूच्या बाजूने मोठी रोहिणी जाते; काप खोल गेला, तर रक्तस्राव थांबवणे जिकिरीचे होते.

या दुसऱ्या जखमेचा विचार खऱ्या अर्थाने १९७४ मध्ये दिसतो. एडेल यांनी टाळूची वरची त्वचा झाकणासारखी उचलली, आतली संयोजी ऊतीच तेवढी घेतली आणि झाकण पुन्हा शिवून टाकले. १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी अशीच आतली ऊती उघडी मुळे झाकण्यासाठी वापरली. पुढे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला तंतूंचा पडदा उघड्या टाळूवर ठेवण्याची रीत आली.

तरीही पहिले दोन आठवडे पथ्याचेच. वऱ्हाडात हे सोपे नसते. ठेचा बंद, भाकरीचा कडक पापुद्रा बंद. मऊ खिचडी आणि गार ताक चालते. टाळूवर प्लास्टिकची तबकडी बसवली असेल, तर जेवण थोडे सुसह्य होते. तंबाखूने जखम भरणे लांबते, म्हणून खऱ्र्याची पुडी आणि तंबाखूचे पान दोन्ही बंद. त्या पानाला लावतात तो कात, ज्याने १७९४ च्या त्या पत्रातले नाक चिकटले होते.