पाइपलाइनचे दोन रस्ते

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा सकाळच्या फास्ट लोकलमध्ये कानात इअरफोन घालायलाही हात वर करता आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून देतोय. बोलताना जे तीनदा म्हणालो ते एकदाच ठेवलंय. बाकी तसंच.

सुरुवात एका रीलने झाली. मित्राने पाठवलं होतं. इटलीतला खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, एकही गाडी नाही, आणि एक बाई निवांत सायकल चालवतेय. खाली त्याने लिहिलं होतं, "भावा, आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे कल्याण-शीळ रोड आहे."

मी हसलो. पण मग तो रस्ता आला कुठून, हे शोधायला लागलो आणि गंमत सापडली. तो मुळात सायकलींसाठी बांधलेलाच नव्हता. तो पाण्याचा रस्ता होता.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो ना, त्याच्या टाचेला पुलिया नावाचा मुलूख आहे. कोरडा, नद्या जवळपास नाहीतच. तिथे पाणी न्यायचं म्हणून १९०६ साली एका प्रचंड जलवाहिनीचं काम सुरू झालं. कापोसेले गावच्या झऱ्यांचं पाणी डोंगर पोखरून आणलं आणि १९१५ मध्ये ते बारी शहरात पोचलं. वाहिनीची देखभाल करायला तिच्या अंगाने कच्चा रस्ता ठेवला होता. आता त्याच वाटेवर साधारण पाचशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलाय. त्यातले काही तुकडे तयार आहेत, आणि त्यावर गाड्यांना बंदी.

हे वाचलं आणि मी थबकलो. पाण्याची पाइपलाइन आणि तिच्या कडेने रस्ता? अहो, हे तर आपल्या ठाणे जिल्ह्यात कधीपासून आहे! इटलीच्याही आधीपासून.

पहिला रस्ता: तानसा

मुंबईचं पहिलं मोठं धरण विहार, १८६० चं. मग १८७९ ला तुळशी. पण शहर वाढत होतं, गिरण्या वाढत होत्या, या दोन तलावांनी भागेना. मेजर हेक्टर टुलॉक नावाच्या इंजिनिअरने आधीच बोट ठेवलं होतं शहापूरच्या जंगलातल्या तानसा नदीवर. अंतर ऐंशीहून जास्त किलोमीटर. त्या काळात हे ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला असेल. पण धरण झालं. अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते उद्घाटन झालं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे पाणी पंपाने ढकलत नाहीत. तलाव उंचावर, शहर खाली, पाणी आपल्या वजनाने वाहत येतं. म्हणून इंजिनिअरांनी वाट फार जपून निवडली. काही ठिकाणी दगडी बांधीव नळ, काही ठिकाणी बोगदे, खोलगट जागी लोखंडी पाइप. पुढे मागणी वाढली तशा माणसाच्या उंचीच्या पाइप शेजारी शेजारी आल्या. आणि त्यांच्या कडेने आला देखभालीचा रस्ता. पाइप फुटली तर माणूस आणि सामान पोचायला हवं ना!

आता सायकलवाल्याच्या नजरेने बघा. जी वाट पाण्याला सोयीची, ती बहुतेकदा गुडघ्यांनाही सोयीची. दमवणारे घाट कमी. बाजारपेठ नाही, सिग्नल नाही, कारण हा रस्ता गावांना जोडण्यासाठी नाहीच. त्याला फक्त तलाव आणि शहर ठाऊक.

मी पहिल्यांदा गेलो ते पहाटे पाचला. डोंबिवलीतून निघालो, पत्रीपूल, दुर्गाडी, कोनगाव, मग भिवंडी. इथवर ट्रकांचा धूर खाल्ला, खोटं कशाला बोलू. पण एकदा पाइपलाइनच्या बाजूला लागलो आणि कान मोकळे झाले. टायरखाली खडी कुरकुरतेय आणि एका जोडावर पाणी ठिबकतंय, एवढाच आवाज. पाइपवर खंड्या बसलेला. मी मित्राला फोटो पाठवला, सोबत एक ओळ: "ऑलिव्ह नाही, साग आहे. चालेल?"

एक सांगून ठेवतो. हा सार्वजनिक रस्ता नाही. मुंबई महापालिकेच्या जलवाहिनीचा सेवारस्ता आहे. काही ठिकाणी गेट असतं, पहारेकरी असतो. तो "नाही" म्हणाला की परत फिरायचं. वाद घालायचा नाही, पाइपवर चढून रील तर अजिबात नाही.

दुसरा रस्ता: बदलापूर

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाइपलाइनच्या रस्त्याने सायकल? आम्ही रोज चालवायचो की. काटईवरून."

मला कळेचना. आमच्यासाठी पाइपलाइन रोड म्हणजे काटई नाका, खोणी, नेवाळी, बदलापूर. डंपर, रिक्षा, गृहप्रकल्पांचे बोर्ड आणि संध्याकाळी तासभर अडकलेली बस. पण नाव नीट ऐका: पाइपलाइन रोड! इतकी वर्षं तोंडात आहे आणि मी कधी विचारच केला नव्हता.

तर ती गोष्ट अशी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. डोंबिवलीत कारखाने आले आणि त्यांना पाणी हवं होतं. बदलापूरच्या पुढे बारवी नदीवर धरण बांधलं, ते १९७२ मध्ये झालं. तिथलं पाणी पाइपांमधून डोंबिवलीकडे, पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्याकडे निघालं. पाइपच्या कडेने रस्ता. बाबांच्या आठवणीत दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच एखादी बैलगाडी, आणि सावली हवी तर पाइपच्या पोटाखाली बसायचं.

मग तो रुंद झाला, राज्यमार्ग झाला. रस्ता आला की प्लॉट येतात, प्लॉट आले की टॉवर, टॉवर आले की गाड्या. बाबांची सायकल कुणी हिसकावून घेतली नाही. एक दिवस आजीच म्हणाली, "नको रे बाबा, ट्रक फार झालेत." संपलं.

म्हणजे बघा, दोन पाइपलाइन, दोन रस्ते, एकच जिल्हा. एकावर पक्षी ऐकू येतात, दुसऱ्यावर हॉर्न. तानसाचा रस्ता शांत राहिला तो कुणाच्या सायकलप्रेमामुळे नाही. मुंबईला पाण्याची काळजी होती, म्हणून गेट राहिलं. गेट राहिलं, म्हणून गाड्या आल्या नाहीत.

पण हा रस्ता कुणाचा?

इथेच भाग संपवणार होतो. पण तिसऱ्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये, आणखी आत, शहापूरच्या बाजूला. पाण्याची बाटली संपली होती. डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या एका मावशींना विचारलं, "मावशी, पाणी कुठे मिळेल?" त्यांनी पाइपकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "हे काय, जातंय की मुंबईला. आमाला टँकर येतोय, दादा." आणि तरी त्यांनी हंडा उतरवून माझी बाटली भरली.

मी ते पाणी प्यायलो आणि बराच वेळ सायकलवर बसलो नाही.

मुंबईला सात तलावांमधून दिवसाला साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. त्यातले तानसा, भातसा आणि मोडकसागर शहापूर तालुक्यातले. आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांवर टँकर फिरतात. आता भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना मंजूर झालीय. पण तानसाला सव्वाशे वर्षं होऊन गेली, हे विसरू नका.

या पाइपच्या दुसऱ्या टोकाचीही गोष्ट आहे. मुंबईत हीच पाइप मुलुंडपासून झोपड्यांच्या मधून जाते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाइपच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटर पट्टा मोकळा करायला घेतला. मग तिथे ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर झाला. हटवलेल्या हजारो कुटुंबांना पाठवलं माहुलला, रिफायनरीच्या शेजारी. लोक आजारी पडायला लागले, कोर्टात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाडं द्या. सलग ३९ किलोमीटर सायकल मात्र मला अजून चालवता आलेली नाही.

म्हणून मित्राला दिलेलं उत्तर मी बदललंय. "आपल्याकडे पण आहे" हे खरंच आहे. पण सायकलवाल्यांनी फक्त आपल्यासाठी गेट उघडा म्हणून चालणार नाही. पाइपच्या कडेला रस्ता मागायचा असेल, तर त्याच दमात पाइपच्या कडेच्या पाड्याला नळही मागायला हवा. माझी बाटली तिथेच भरली गेली होती ना!

यावेळचा गृहपाठ सोपा आहे. घरात कुणी काटई-बदलापूर रस्त्यावर सायकल चालवलेलं असेल, तर त्यांना विचारा तेव्हा तिथे काय दिसायचं. त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. बाबांची मी रेकॉर्ड करून ठेवलीय.

आणि तानसाकडे गेलात तर दोन बाटल्या भरून न्या. तिथल्या कुणाच्या हंड्यातलं पाणी संपवू नका.

भेटू पुढच्या शनिवारी!