फॉलो-अपवाला

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली. हा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या शेडमधून दिवसभर फिरणाऱ्या फॉलो-अपवाल्याचा मात्र कुठे उल्लेख नसतो. मी ते काम केलंय, म्हणून लिहितो.

सकाळी कारखान्यात कमी पडणाऱ्या भागांची शॉर्टेज लिस्ट हातात पडायची. फोन लागलाच, तर पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "माल निघाला, साहेब." भोसरीच्या जे ब्लॉकमधल्या शेडवर जाऊन पाहावं, तर बुश टर्निंग होऊन क्रेटमध्ये पडलेले आणि प्लेटिंग बाकी. मग संध्याकाळपर्यंत लाइन चालेल एवढेच नग आधी प्लेटिंगला काढायचे, तिथेच गेज लावून बघायचे आणि स्कूटरवर पायाशी ठेवून निघायचं. उरलेले टेम्पोने. साहेबांना विचारत बसायची सोय नव्हती. काय ते जागेवरच ठरवायचं. शेजारच्या मशीनवर दुसऱ्या कंपनीचा माल दिसायचा. त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा आमचा धर्म. त्यावरच तर शेडचं दार उघडायचं.

नव्वदच्या दशकात संगणकवाल्यांनी आमच्यासारखाच फिरता प्रोग्रॅम घडवला. अमेरिकेत जनरल मॅजिकने टेलिस्क्रिप्ट आणली, आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेने जावामध्ये अ‍ॅग्लेट्स. सगळी माहिती मंद नेटवर्कवरून ओढून आणण्याऐवजी प्रोग्रॅमनेच अर्धवट झालेल्या कामासकट दुसऱ्या संगणकावर जायचं, माहितीशेजारी बसून निर्णय घ्यायचा आणि निष्कर्ष तेवढा घेऊन निघायचं. मधे जोडणी तुटली तरी काम अडत नाही. कल्पना उत्तम होती, असं मी आजही म्हणेन. पण परका प्रोग्रॅम आपल्या मशीनवर कोण चालू देणार? आणि यजमान संगणकानेच त्यात फेरफार केला तर? पुढे नेटवर्कही वेगवान झालं आणि ही पद्धत मागे पडली.

२००९ मध्ये फोक्सवॅगन आणि पाठोपाठ महिंद्रा चाकणला आली, तोवर आमचंही बरंचसं काम पोर्टल, बारकोड आणि शेडोशेड फिरून माल गोळा करणाऱ्या मिल्क रनच्या गाड्यांकडे गेलं होतं. पण पोर्टलवर व्हेंडर भरेल तेच दिसतं. प्लेटिंगला अडकलेला माल तिथेही 'डिस्पॅच्ड' असू शकतो. खरा आकडा सीएनसीच्या काउंटरवर असतो. तो थेट ग्राहकाला दिसू द्यायला शेडमालक सहसा राजी नसतो, कारण त्याच मशीनवर रात्रपाळीला ग्राहकाच्या प्रतिस्पर्ध्याचं काम चालू असतं.